पाणी, कायदा आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला पाण्यावर बोला म्हटले, तेव्हा त्यांच्या मनात काटकसरीच्या चार गोष्टी असाव्यात. पण दोन हंडे उचलून चढ चढणारीला काटकसर काय शिकवायची? मी बोलणार आहे कायद्याविषयी.

1882 सालचा सुविधाधिकाराचा कायदा असे धरून चालला की, ज्याची जमीन त्याचे खालचे पाणी. मोट होती तोवर ते निभावले. बैल ओढून ओढून ओढणार किती! पुढे विजेचा पंप आला, मग बोअर आली, आणि मोटेने घातलेली मर्यादा गेली. कातळाच्या भेगांतले पाणी शेताचा बांध ओळखत नाही. एकाने खोल बोअर घेतली की गावची विहीर आटते, आणि अर्धा कोस वाढतो तो बाईच्या पायाला.

हे सरकारलाही कळले. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खणण्यास 1993 च्या कायद्याने बंधन घातले. त्यापुढचा भूजल कायदा 2009 चा, अंमल 2014 पासून. शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी 60 मीटरहून खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. कागदावर हे उत्तम आहे. पण बोअरची गाडी रात्री येते, तेव्हा तिला अडवणारा कोण?

कालव्याचे पाणी वाटायला 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्था आल्या. तेथे सभासद कोण? जमीनधारक. म्हणजे शेतात दिवसभर राबणारी, पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई हिशेबाबाहेर. मला हा कायदा इथेच तोकडा वाटतो. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या मोजणीने दिले: माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा होता, आणि उसाला बंदी. हे कोणत्या कायद्याने सांगितले नव्हते, गावाने ठरवले. मग कायद्याला ते का जमू नये?

पुढच्या मासिक सभेला प्रत्येकीने घरचा सातबारा उतारा आणावा. आपले नाव कोठे आहे ते पाहू. आणि गावविहिरीपासून सर्वांत जवळची नवी बोअर किती मीटरवर आहे, तेही मोजून आणा. लांब दोरी माझ्याकडे आहे.