सापाच्या पाण्याची वाटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सापाला दूध द्यावे की देऊ नये, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे. शाळेच्या पुस्तकात धडे आले, नागपंचमीच्या आदल्या दिवशी दरवर्षी वर्तमानपत्रांत लेख येतात. पण कोंडलेल्या सापाला पाणी कोण देतो, कशात देतो आणि ते भांडे घासतो कोण, हे फारसे कुणी विचारत नाही. आज मी त्या वाटीबद्दल बोलणार आहे. विषय सांगितला तेव्हा आमच्या हातखंबा तिठ्यावरचे मित्र हसले. 'कवी माणूस तू, वाटीभर पाण्यावर दहा मिनिटे बोलणार काय?' असे त्यांचे म्हणणे. मला वाटते, दहा मिनिटे कमीच पडतील.

आधी साप पाणी पितो कसा, ते पाहू. मांजर किंवा कुत्रा जिभेने लपलप करून पितो. सापाची जीभ त्या कामाची नाही. ती बाहेर येते ती वास घ्यायला. पाणी पिताना साप तोंडाचे टोक पाण्याला टेकवतो आणि निवांत पडून राहतो. लांबून पाहणाऱ्याला तो झोपला असेच वाटावे. जवळून पाहिले तर जबड्याची बारीक हालचाल दिसते. त्याच्या खालच्या जबड्याच्या आतल्या घड्या स्पंजासारखे पाणी शोषून घेतात आणि जबडा दाबला की ते पुढे घशात जाते, असे २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. अमेरिकेच्या वाळवंटातला रॅटलस्नेक तर पाऊस आला की अंग चपटे करून वेटोळे पसरतो आणि स्वतःच्याच पाठीवर साचलेले पाणी पितो. अन्नावाचून साप आठवडेच्या आठवडे काढतो, मोठा अजगर तर महिनेही काढतो. पाण्यावाचून त्याचे तसे चालत नाही.

आता दुधाचे कोडे सुटते. गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते खोटे नाही. तो पितो, कारण त्याला कित्येक दिवस पाणी मिळालेले नसते. घशाला कोरड पडलेल्या प्राण्यासमोर जे ओले येईल त्याला तो तोंड लावतो. दूध त्याच्या पोटाला पचत नाही. कधी ते फुप्फुसातही जाते आणि त्यातच तो मरतो. म्हणजे ज्याला आपण श्रद्धेने नैवेद्य म्हणतो, त्याच्यामागे आधी तहान घडवून आणलेली असते. आमच्या शेजारच्या घरांतून नागपंचमीला मातीचा नाग आणतात, हळदकुंकू वाहतात, लाह्या आणि दूध ठेवतात. त्या मातीच्या नागाला दूध खुशाल चालते. त्याच्यामुळे कुणाचा घसा सुकत नाही.

आपल्याकडे साप पाळतो तरी कोण? रीतसर सांगायचे तर घरात कुणीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे नाग, घोणस, धामण, अजगर यांना पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे. शहरांतल्या सदनिकांतून परदेशी बॉल पायथन काचेच्या पेटीत पाळण्याची हौस गेल्या काही वर्षांत वाढली. असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी सरकारकडे नोंद केलीच पाहिजे, असे नियम केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढले. मुंबईच्या हाफकिन संस्थेत लशीसाठी विष काढण्याकरिता साप ठेवत आले. पुण्याला कात्रजचे सर्पोद्यान १९८६ साली उभे राहिले, ते नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने. याच खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले होते. साप उगाच चावत नाही, हे लोकांना पटवण्यासाठी. त्या तीन दिवसांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण सर्पोद्यान चालते ते नंतरच्या हजारो दिवसांवर. त्या दिवसांत कुणीतरी सकाळी उठून एकेका पिंजऱ्यातले भांडे उचलते, ओतते, घासते आणि पुन्हा भरते. त्याची बातमी होत नाही.

तमिळनाडूत महाबलीपुरमजवळ इरुळा आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. पिढ्यान् पिढ्या कातड्यासाठी साप पकडणारे हे लोक. कातड्याचा व्यापार कायद्याने बंद झाल्यावर ते विषासाठी साप पकडू लागले. त्यांचे साप मातीच्या मडक्यांत राहतात, तोंडाला सुती फडके बांधलेले. तीन-चार आठवडे ठेवतात, त्यात काही वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि रानात सोडून देतात. मला या पद्धतीतली दोन गोष्टींची समज आवडते. मडके गार राहते ही एक. आणि मुदत ठरलेली असते, ही दुसरी.

आता वाटीकडे येऊ. ती वाटी म्हणायची खरी, पण असावी परळासारखी. पसरट, जड, बुडाला सपाट. हलके प्लास्टिकचे भांडे साप सहज उलथतो आणि मग खाली सगळा चिखल. ओल्या जमिनीवर साप दिवसचे दिवस राहिला तर त्याच्या पोटाकडच्या कातडीला फोड येतात. म्हणून भांडे काठोकाठ कधी भरू नये, निम्मे पुरते. साप त्यात वेटोळे घालून बसला की पाणी आपोआप वर येते, हे आपण शाळेत आर्किमिडीजच्या नावाने शिकलो आहोतच. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ दिसू लागतात. त्या दिवसांत त्याला अंग भिजवायला पाणी लागते. नाही मिळाले तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचा पापुद्रा तसाच चिकटून राहतो.

साप पाणी पितो त्याच भांड्यात बसतो, आणि पुष्कळदा तिथेच घाणही करतो. मग 'उद्या बदलू' म्हणून चालत नाही, पाणी तेव्हाच्या तेव्हा बदलावे लागते. एरवीही पाणी रोज ताजे हवे. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याच्या भांड्याला आतून बोट लावून पाहावे. बुळबुळीत लागले तर समजावे की जंतूंनी तिथे आपला थर जमवला आहे. नुसते विसळून तो जात नाही. खसाखसा घासावे लागते. आमच्याकडे त्याला काथ्यासारखे दुसरे साधन नाही. अधूनमधून ब्लीचच्या पातळ पाण्यात भांडे बुडवून, पुन्हा पुन्हा धुऊन, वास जाईपर्यंत उन्हात वाळवावे. यासाठी भांडी दोन लागतात, एक वापरात आणि एक उन्हात. आणि हे सगळे स्वयंपाकघरातल्या मोरीत करू नये. सापांच्या पोटात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, ते माणसाला जुलाब-तापाने आडवे करतात. हात साबणाने धुवावेत, हे वेगळे सांगायला नको. पण लहान मुले असलेल्या घरात वेगळे सांगितलेलेच बरे.

फिनेल मात्र चुकूनही नको. आपल्याकडे साप येऊ नये म्हणून पडवीभोवती फिनेल टाकायची सवय आहे. त्याने येणारा साप अडतो असे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही. पण बंद पेटीतल्या सापाला त्याचा विषासारखा त्रास होतो, हे साप सांभाळणारे सगळेच सांगतात. डांबराच्या गोळ्यांचेही तेच.

या भांड्याभोवती जी किडामुंगी जमते, ती तर मला वाटते सापापेक्षा जास्त बोलकी आहे. गोचिडीच्या जातीचा एक बारीक काळा किडा असतो, खसखशीच्या दाण्याएवढा. तो सापाच्या खवल्यांखाली, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीच्या खाचेत बसून रक्त पितो. एवढ्या लांब अंगावर तो शोधायला जाल तर सापडणार नाही. वाटीत सापडतो. हैराण झालेला साप दिवस दिवस पाण्यात बसून राहतो, काही किडे बुडून मरतात आणि तळाशी मिरपूड सांडल्यासारखी दिसते. पाळणारा म्हणतो, 'बघा, किती आवडीने डुंबतोय!' आवडीने नव्हे, त्याच्या अंगाची आग होत असते. ओतण्यापूर्वी पांढऱ्या ताटलीत ते पाणी काढून पाहणारा माणूस हे आठवडाभर आधी ओळखतो. त्या किड्याची अंडी सापाच्या अंगावर नसून पेटीच्या फटींत असतात, तेव्हा साप आणि पेटी दोन्ही साफ व्हायला हवीत. औषध मात्र पशुवैद्यानेच द्यावे. कुत्र्याच्या गोचिडीची पावडर किंवा झुरळांचा फवारा मारून किड्याआधी सापच मेला, असे होऊ शकते.

दुसरा पाहुणा डास. तो आम्हा कोकणवासीयांच्या चांगल्या ओळखीचा. आमच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग आणि कोल्हापूरचा रस्ता भेटतात. जिथे रस्ते भेटतात तिथे पंक्चरची दुकाने येतात, जिथे पंक्चरची दुकाने तिथे जुने टायर, आणि पावसाळ्यात टायरांत पाणी. डेंग्यूचा एडिस डास अशाच थोड्या, स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. सापाची वाटी त्याला टायरइतकीच पसंत पडते. उबेच्या दिवसांत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा म्हणते, त्याचा हिशेब हाच. पण एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. अंडी पाण्यात तरंगत नसतात, पाण्याच्या रेघेला भांड्याच्या भिंतीवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. पाणी ओतून दिले आणि पुन्हा भरले, तर आपण त्यांना उठवण्याचेच काम केले. पुन्हा काथ्याच हवा. हौदात टाकायचे अळीनाशक औषध सापाच्या पाण्यात घालता येत नाही. गप्पी मासे सोडावेत म्हणाल, तर आमच्या शेताच्या बांधावरचा विरोळा त्यांना सरकारी नाश्ता समजेल!

मुंग्यांची गोष्ट गमतीची आहे. पूर्वी घरोघर जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, दुधातुपाला मुंग्या लागू नयेत म्हणून. सापाच्या पेटीलाही हाच उपाय लागू पडतो, कारण न खाल्लेल्या उंदरामागे मुंग्यांची रांग हमखास लागते आणि कात टाकणारा साप त्यांना तोंड देऊ शकत नाही. पण त्या चार वाट्या म्हणजे डासांची चार नवी घरे. त्याही घासाव्या लागतात.

हे सारे ऐकून कुणी म्हणेल, एवढी उठाठेव करायची तर साप ठेवावाच कशाला? माझेही तेच म्हणणे आहे. लहानपणी आमच्या घरी हदीसमधली एक गोष्ट सांगत. एका बाईने मांजर कोंडून ठेवले. त्याला खायला-प्यायला दिले नाही आणि मोकळेही सोडले नाही की आपले आपण शोधून खाईल. मांजर मेले आणि त्यापायी त्या बाईला शिक्षा झाली. या गोष्टीतले 'मोकळेही सोडले नाही' हे शब्द मला मोठे वाटतात. रानातल्या सापाचे आपण काही देणे लागत नाही. ज्या क्षणी झाकण लावले त्या क्षणापासून त्याचे पाणी आपल्या अंगावर येते.

आणि झाकण लावणारे आपल्या गावांत वाढले आहेत. सर्पमित्रांचे उपकार मी मानतो. फुरसे, घोणस, नाग, मण्यार, चारही विषारी जाती आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. इंग्रजी अमदानीत इथे फुरसे मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देई. तिथून आपण काठी बाजूला ठेवून फोन लावण्यापर्यंत आलो, हे थोडे नाही. पण पकडलेला साप प्लास्टिकच्या बरणीत दोन-दोन, चार-चार दिवस ठेवायचा, शाळेत दाखवायचा, फोटोसाठी काढायचा, असे काही उत्साही लोक करतात. त्या बरणीत वाटी मावत नाही. एप्रिल-मेच्या दिवसांत, जेव्हा कोकणातल्या कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, तेव्हा साप बहुधा पाण्यापायीच न्हाणीपाशी किंवा दोणीपाशी आलेला असतो. पाणी आणि पाण्यापाशी येणारे बेडूक. म्हणजे तहानेने आलेल्याला आपण कोरड्या बरणीत भरतो.

साप घराजवळ दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. सर्पमित्र आला तर पकडल्याची नोंद त्याने वन खात्याकडे केली की नाही, हे विचारायला संकोचू नये. आणि तो साप सोडणार कधी, हेही विचारावे. 'आज संध्याकाळी, ओढ्याच्या वरच्या अंगाला' असे उत्तर आले तर त्याला चहा पाजावा.