फुकट विजेचा हिशेब



हवामानबदलावरची भाषणं आपण लई ऐकली. झाडं लावा, दिवे बंद करा! सांगतात कोणाला? ज्याच्या खोपटात एकच बल्ब, त्याला. मी दराबद्दल बोलणार आहे. कोळसा किती जळायचा हे दरावर ठरतं, आणि दर ठरवणारे मुंबईत बसतात.

एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. बुलढाण्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यात कास्तकाराला आधार पाहिजेच, आपलं भांडण त्याच्याशी नाही. पण पंप कोणाचा? ज्याची विहीर, त्याचा. विहीर कोणाची? ज्याची जमीन, त्याची. अन् आपल्या वस्तीतल्या किती जणांच्या नावावर सात-बारा हाय? जितका जास्त उपसा, तितकी मोठी माफी. लाईन रात्री येते. ऑटो स्विच लावला की मोटार आपोआप सुरू. बिलच नाही, तर बंद करायला उठतो कोण? पाणी खोल जातं. खोलचं पाणी ओढायला आणखी वीज. तिकडे पारसला कोळसा जळतो; कोळशाच्या एका युनिटमागं साधारण किलोभर कार्बन वायू आभाळात. पाऊस लहरी होतो, सोयाबीन जातं. जमीनवाल्याला निदान पंचनामा तरी असतो. मजुराच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा कोणता तलाठी करतो?

आता चुलीकडं या. २०१६ मध्ये उज्ज्वला आली, सिलिंडर घरात आलं. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत त्याचा भाव ११०३ रुपये. उज्ज्वलावाल्यांना सूट फक्त २००. रोजंदारीवरच्या बाईनं टाकी भरायची कशी? ती पऱ्हाट्या, तुराट्या गोळा करते. मोटारीला शून्य दर आणि चुलीला बाजारभाव! धूर तिच्याच छातीत.

सौर ऊर्जेचंही तेच. सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं ठरलं. पण पॅनेल सरकारी जमिनीवर, गायरानावरही लागतात. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या मागं लाखो भूमिहीन जेलमध्ये गेले, ते याच पडीक-गायरान जमिनींसाठी. आज तिथं कसणाऱ्याला भाडं कोण देतो? उलट अतिक्रमणाची नोटीस!

म्हणून मागण्या सरळ आहेत. पंपाला मीटर लावा, ठराविक युनिट फुकट द्या, वरच्याला दर लावा. वाचलेला पैसा भूमिहीनाच्या टाकीत घाला. कसणाऱ्याची संमती आणि भाडं ठरल्याशिवाय गायरानावर एकही पॅनेल नको. ग्रामसभेत गायरानाचा विषय आला की शंभर जण गेले पाहिजेत, अन् ठराव वाचून घेतल्याशिवाय कोणी अंगठा-सही करायची नाही.