शिवीला उत्तर किती द्यावे?

(हदगाव येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या उमेदवार ताईंविषयी निवघ्याच्या आणि तामशाच्या बाजारात काय बोलले जात आहे, ते काल रात्री तुम्ही सांगितलेत. बचत गटाच्या पैशांचा एक आरोप. दुसरा त्यांच्या घरासंबंधीचा, जो मी येथे उच्चारणार नाही. आता विरोधकांच्याही घरातल्या गोष्टी चावडीवर आणाव्यात, असा तुमच्यापैकी कित्येकांचा आग्रह आहे. तुमचा संताप मी समजतो. त्या आग्रहाला मात्र माझा विरोध आहे, आणि तो निव्वळ सभ्यतेपोटी नव्हे.

निंदेवर निवडणूक लढवणाऱ्याला केवळ आपली बदनामी करायची नसते. आपल्या सभेचा विषय त्याला ठरवायचा असतो. आपण त्याच्या आरोपांवर बोलू लागलो, की ईसापूरच्या कालव्याचे पाणी, कापसाचा भाव, मजुरांचे रोजगार हमीचे काम हे सारे मागे पडते. त्याला तेच हवे असते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी पंचायत समितीच्या निवडणुकीत, सोसायटीच्या खतात मी घोळ केला अशी आवई उठली. हिशेबाची वही घेऊन मी अकरा गावे फिरलो. अकराव्या गावी एक म्हातारी म्हणाली, "बाबा, तुझं खत कळलं. आमच्या हापशाचं काय?" मी पडलो. वहीतला हिशेब खरा होता. पण ज्या गावांत तो आरोप पोचलाही नव्हता, तेथे तो मीच नेऊन पोचवला होता.

याच्या उलट उदाहरण १९६७ सालचे, दक्षिण मुंबईचे. स. का. पाटील तीनदा महापौर झालेले, केंद्रात मंत्री राहिलेले, मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणवले जाणारे. त्यांच्यासमोर संयुक्त समाजवादी पक्षाचे जॉर्ज फर्नांडिस, महापालिकेतले एक नगरसेवक. आपल्याला परमेश्वरही हरवू शकणार नाही, अशा आशयाचे पाटलांचे उद्गार गाजले. त्यावर अपशब्द न वापरता, देवाला जमत नसले तरी तुम्ही पाटलांना हरवू शकता, एवढेच मतदारांना सांगण्यात आले. त्या वाक्याचा कर्ता पाटील नव्हते, जॉर्जही नव्हते, मतदार होता. पाटील पडले. (पुढच्या काळातल्या जॉर्जविषयी आपले मतभेद आहेतच, तो विषय वेगळा.)

पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात, ही १९७७ ची घोषणा तुम्हांला पाठ आहे. टोमणा तिच्यातही होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण तो सत्तेला होता, कोणाच्या चारित्र्याला नव्हे. आणि मृणालताई गोरे यांनी गोरेगावात पाण्यासाठी केलेली वर्षानुवर्षांची आंदोलने त्या घोषणेमागे उभी होती. तशी पुण्याई नसलेल्या उमेदवाराला नुसती यमके तारत नाहीत.

तेव्हा आपण काय करायचे? गप्प बसायचे नाही. मौनाला गावात कबुली समजतात. बचत गटाच्या पैशांचे उत्तर ताईंनी स्वतः, जेथे आरोप झाला त्याच बाजारात, बँकेचे पासबुक हाती घेऊन, एकदाच द्यावे. दुसऱ्या आरोपाला मात्र आपण कोणीही उत्तर द्यायचे नाही. बाईने आपल्या घराचा खुलासा चौकात करावा, ही अपेक्षाच मुळात अपमानाची आहे. मोबाईलवर आलेला तो मजकूर खंडन करण्यासाठीसुद्धा पुढे पाठवू नका.

उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे छापणे वा पसरवणे हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) अन्वये भ्रष्ट आचार आहे. म्हणून तारीख, ठिकाण, साक्षीदार यांची नोंद ठेवा. निवडणूक याचिकेला निकालापासून ४५ दिवसांचीच मुदत असते. पण न्यायालयावर विसंबून राहू नका. विलेपार्ले येथील डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मते मागितली गेली. सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द यायला डिसेंबर १९९५ उजाडला.

विरोधकांच्या सार्वजनिक कारभारावर मात्र खुशाल तुटून पडा. कोणता रस्ता कागदावरच झाला, कोणत्या गावी टँकर आला नाही, हे गावाच्या नावासकट बोला. तशी यादी अजून आपल्यापाशी नाही, ही माझी तुमच्याविषयीची खरी तक्रार आहे. रात्री जेवणानंतर गटवार बसू आणि ती येथेच तयार करू.