माती, उंची आणि रेघ



मी जैन घरात वाढलो. वाइनचा थेंबही कधी जिभेला लागलेला नाही. तेव्हा चवीबद्दल मला विचारू नका. मी बोलणार आहे ते जमिनीविषयी.

वायव्य इटलीत, तानारो नदीकाठच्या आल्बा शहराजवळ लांगे नावाच्या टेकड्या आहेत. तिथल्या ११ गावांच्या शिवारात नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षापासून 'बारोलो' ही वाइन होते.

ही वेल मोठी नाजूक. डोळे लवकर फुटतात, फळ मात्र उशिरा, बहुधा ऑक्टोबरात पिकते. वसंतात थंड हवा दरीच्या तळाशी साचते आणि कोवळे कोंब गारठतात. फार उंचावर फळाला ऊब पुरत नाही. म्हणून मधला उतार हवा, तोही दक्षिणेकडे तोंड असलेला. बर्फ जिथे आधी वितळते तिथे वेल लावावी, हा जुन्या शेतकऱ्यांचा आडाखा. अशा उताराला त्यांच्या बोलीत 'सोरी' म्हणतात. पुढे नियमानेही तेच धरले: समुद्रसपाटीपासून १७० ते ५४० मीटर उंची, आणि उत्तराभिमुख उतार वर्ज्य.

आता माती पाहा. हा सारा भाग एके काळी समुद्राचा तळ होता. पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलो या गावांत निळसर करडी, चुनखडीची चिकणमाती आहे. तिथली वाइन सुगंधी आणि लवकर मऊ होणारी, असे जाणकार सांगतात. पूर्वेला सेर्रालुंगा गावात जमीन अधिक जुनी, वालुकाश्म मिसळलेली. तिथली वाइन तुरट, कणखर, वर्षानुवर्षे मुरवावी लागणारी. वेल तीच, मध्ये एक लहानशी दरी. आमच्या होमिओपॅथीतही रोगाचे नाव एकच असले तरी माणूस पाहून औषध बदलते.

पण आता उन्हाळे तापू लागले आहेत आणि द्राक्षे पूर्वीपेक्षा लवकर पिकतात. आजोबांनी ज्या उन्हाच्या उतारासाठी जीव टाकला, तिथे नातवाला फळ करपण्याची धास्ती वाटते. काही जण उंच, थंड जागा शोधू लागले आहेत. हवामान टेकडी चढते; नियमाची रेघ मात्र आहे तिथेच राहते. रेघेपलीकडे तीच वेल तितक्याच मायेने वाढवली तरी बाटलीवर 'बारोलो' लिहिता येत नाही.

२०१४ साली युनेस्कोने या द्राक्षमळ्यांना जागतिक वारसा ठरवले. हा वारसा सांभाळताना तिथल्या शेतकऱ्यांना केव्हातरी ठरवावे लागेल: नाव रेघेच्या आत ठेवायचे, की ज्या गुणामुळे ते नाव मोठे झाले त्याच्यामागे जायचे? रेघ आणि गुण यांची नेहमी गाठ पडतेच असे नाही, हे बेळगावकरांना मी काय सांगावे!