घर तेच, राज्यं चार



तुमच्या गटात १९४५ साली अकोल्याकडं जन्मलेली एखादी आजी असेल, तर तिला विचारा, तू किती राज्यांत राहिलीस? ती म्हणेल, मी तर गाव सोडलंच नाही. तरी हिशेब चारचा निघतो. ती जन्मली तेव्हा गाव मध्यप्रांत व वऱ्हाडात होतं. १९५० मध्ये ते मध्य प्रदेशात गेलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. उंबरठा तोच राहिला, राजधानी मात्र नागपूरहून मुंबईला गेली.

त्याआधीची गोष्ट तर आणखीच न्यारी. वऱ्हाड निजामाचं, कारभार १८५३ पासून इंग्रजांचा. १९०२ मध्ये त्यांनी ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचं घेतलं. वावर मक्त्यानं द्यावं तसं!

वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की गटात दोन तट पडतात, आमच्यातही पडतात. कोणाचं बरोबर ते आज बाजूला ठेवू. राज्य करायचं की नाही हे ठरवतं कोण, तेवढं बघू.

राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानं हा अधिकार संसदेला दिला आहे. नवं राज्य करणं, सीमा हलवणं, नाव बदलणं, सगळं साध्या बहुमतानं. विधेयक मांडायला राष्ट्रपतींची शिफारस लागते, आणि ज्या राज्याला हात लागणार त्याच्या विधानसभेचं मत मागवावं लागतं. मागवावं लागतं, मानावं लागत नाही.

हे कोर्टात गेलं ते आपल्याच मुलखाच्या वेळी. फाजल अली आयोगानं १९५५ मध्ये आठ जिल्ह्यांचं विदर्भ राज्य सुचवलं होतं. बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांनी तशी मागणी केली होती. सरकारनं ते घेतलं नाही. विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि वेगळी मुंबई असे तीन भाग होते, विधानसभेचं मतही त्यावरच घेतलं. संसदेत मात्र तिन्ही मिळून एकच मोठं मुंबई राज्य झालं. बाबूलाल पराते कोर्टात गेले, म्हणाले, बदललेल्या विधेयकावर पुन्हा विचारायला हवं होतं. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गरज नाही. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेनं विधेयक नाकारलं, तरी २ जूनला तेलंगण झालंच.

यात एक शहाणपण आहे, हे आम्ही मान्य करतो. मोठ्या भागाची संमती सक्तीची केली असती तर लहान भाग कधीच सुटला नसता, भावकीत वाटणी अडते तसा. पण त्या लहान भागातल्या माणसांनाही थेट विचारायची सक्ती नाही, हे आम्हाला खटकतं. गोव्याला विचारलं होतं. १६ जानेवारी १९६७ ला तिथल्या लोकांनी मत देऊन महाराष्ट्रात जायला नकार दिला. आपल्याला तसं मत मागितलं गेलं नाही.

आपल्याला मिळाले करार. १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा, नोकऱ्या आणि वर्षातून एकदा नागपूरला अधिवेशन, असं ठरलं. अधिवेशन तेवढं टीव्हीवर दिसतं. घटनेच्या ३७१ कलमाच्या दुसऱ्या भागात विदर्भासाठी विकास मंडळाची तरतूद १९५६ ची, मंडळ आलं १९९४ मध्ये, आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. खारपाणपट्ट्यातल्या बायांना हंडा घेऊन उभं राहताना यातलं काय कळणार? पण सिंचनाचा पैसा कुठं किती जावा, याचा हिशेब याच कलमाला धरून मागता येतो.

जिल्ह्याचं मात्र वेगळं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम निघाला, तो राज्य सरकारनं काढला. त्याला दिल्ली लागली नाही. अचलपूर जिल्ह्याची मागणी करणाऱ्यांचा अर्ज म्हणून मुंबईला जातो, आणि विदर्भाचा, हवा असो की नको, दिल्लीला. ग्रामसभेत ठराव घ्याल तेव्हा आधी पत्ता बघा. जिल्ह्याचा असेल तर आमदाराकडं द्या, राज्याचा असेल तर खासदाराकडं.