दिवस गेलेत? फळं बंद करू नका



माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत बायकांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: सुनेला दिवस गेलेत, पपई द्यावी का? मग अननस, आंबा, द्राक्षं. ‘उष्ण पडतं’ म्हणून एकेक फळ बंद होतं. पुढे गर्भ पडलाच, तर बोल सुनेला लागतो, ‘हिनंच काहीतरी खाल्लं असेल.’ म्हणून आज आपण हे नीट समजून घेऊ.

थोरल्या बायकांची भीती अगदीच खोटी नाही. कच्च्या पपईत पांढरा चीक असतो. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो, ते काम हा चीकच करतो. २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात उंदराच्या गर्भाशयावर हा चीक टाकला, तेव्हा ते आकुंचन पावलं. पिकलेल्या पपईच्या रसानं तसं झालं नाही. म्हणून कच्ची आणि निमकच्ची पपई, तिची भाजी, कोशिंबीर नऊ महिने टाळा. सगळीकडून पिवळी, मऊ, चीक नसलेली पपई मात्र बेतानं खायला हरकत नाही.

अननसाच्या चार फोडींनी गर्भ पडत नाही. फार खाल्ला तर तोंड सोलवटतं, जळजळ होते, एवढंच. पिकलेला आंबाही चालतो. फक्त कार्बाइड टाकून पिकवलेला नको. आपल्या देशात त्याला बंदी आहे. कच्चा आंबा आणून घरी पेंढ्यात पिकवलेला बरा.

आणि हे घरात सगळ्यांना सांगा: पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडतो तो बहुतेकदा गर्भाची घडणच मुळात नीट झालेली नसते म्हणून. त्यात बाईचा दोष नसतो.

खरी काळजी घ्यायची ती फवारणीची आणि घाणीची. तासगाव, मिरजेकडे द्राक्षाच्या बागेत कामाला जाणाऱ्या मैत्रिणींनो, वेलीवरचे मणी तोडून तसेच तोंडात टाकू नका. फवारणी चालू असेल तिथं गरोदर बाईनं थांबू नये. द्राक्षं असोत की महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, वाहत्या पाण्यात चोळून धुवा. साबण, पावडर लावू नका. बाजारात कापून उघडी ठेवलेली फळं घेऊ नका.

महागडं फळच पाहिजे असं नाही. पेरू, आवळा, लिंबू यांत क जीवनसत्त्व भरपूर. बाजरीची भाकरी, पालेभाजी खाताना लिंबू पिळा. जेवणातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला, तर ते कमी लागतं. पण फळ खाल्लं म्हणून लोहाच्या गोळ्या सोडू नका. चौथ्या महिन्यापासून रोज एक, असे १८० दिवस त्या घ्यायच्या असतात. रक्तात साखर वाढलेली असेल, तर कोणतं फळ किती खायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि रस काढून पिऊ नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. आशाताईंना विचारून जा. रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल, तर उपचार लागतात. अंगावरून रक्त गेलं किंवा पोटात कळा आल्या, तर काय खाल्लं याची चौकशी करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीला हे वाचून दाखवा, सासूबाईंनाही शेजारी बसवा. कच्ची पपई टाळायला त्यांनीच शिकवलं. आता पिकलेल्या पपईची फोड सुनेच्या ताटात त्यांच्याच हातानं पडू दे.