वेगळे मांडलेले ताट



दोन जीव, आणि त्यांच्यामध्ये उभा असलेला समाज, ही मांडणी मराठी कादंबरीच्या वाचकाला नवी नाही. त्या भिंतीचे नाव बहुधा जात असते, आणि जात जन्माने मिळते. अमेरिकेतील आमिश पंथावरील प्रेमकादंबऱ्यांत हीच मांडणी आढळते. भिंत मात्र निराळी आहे.

१६९३ साली याकोब आम्मान यांच्या अनुयायांनी स्वित्झर्लंड व आल्सासमधील ॲनाबाप्टिस्ट बांधवांपासून वेगळी चूल मांडली. अठराव्या शतकात ही मंडळी पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाली. साधी वस्त्रे, घोडागाडी आणि घरात जर्मनची एक जुनी बोली, ही त्यांची ओळख. पंथाबाहेरच्या माणसाला ते सरसकट ‘इंग्लिश’ म्हणतात. कादंबरीतला परका प्रियकर असा नावानेच परका ठरतो.

या पंथात बाप्तिस्मा बालपणी होत नाही. वयात आल्यावर, स्वेच्छेने घेतला जातो. दोघेही दीक्षित असल्याखेरीज पंथात विवाह लागत नाही. दीक्षेपूर्वी मुलगी परक्याबरोबर निघून गेली, तर घर दुःखी होते, पण तिला वाळीत टाकत नाही. दीक्षेनंतर गेली, तर मात्र बहिष्कार येतो. कर्मठ वस्त्यांत ती माहेरी आली तरी तिचे ताट वेगळ्या मेजावर मांडले जाते, आणि तिच्या हातची वस्तू कोणी घेत नाही.

म्हणून अशा कथेचा सारा ताण एका प्रश्नावर तोललेला असतो : प्रेम आधी आले, की दीक्षा? उत्तर ‘दीक्षा’ असेल, तर नायिका केवळ रूढीची बळी उरत नाही. शब्द तिनेच दिलेला असतो. संघर्ष दोन वचनांचा होतो.

जन्म येथे निर्णायक नाही, हे दोन पुस्तके दाखवितात. जोसेफ योडर यांनी १९४० साली ‘रोझॅना ऑफ द आमिश’मध्ये आपल्या आईची कथा सांगितली. आयरिश आईबापांची ही मुलगी आमिश स्त्रीने वाढविली, आणि ती त्याच पंथाची झाली. उलट बेव्हर्ली लुईस यांच्या ‘द शनिंग’ (१९९७) या लोकप्रिय कादंबरीतील केटीला आपली जन्मदात्री ‘इंग्लिश’ असल्याचे कळते. परका तिच्या रक्तातच असतो, तरीही दीक्षित म्हणून बहिष्कार तिला चुकत नाही.

सामान्य लेखक ही गाठ सोपी करतो : समाजाला क्रूर ठरवितो, किंवा शेवटी परक्यालाच पंथात आणून बसवितो. चांगला लेखक वेगळ्या मेजावर ताट मांडणाऱ्या आईकडेही पाहतो. लेकीवर तिची माया आटलेली नसते, आणि पंथाला दिलेला शब्दही तिला मोडवत नाही. त्या आईला न्याय देणारी कादंबरीच प्रियकरालाही खरा न्याय देऊ शकते; कारण मुलगी त्याच्यासाठी काय सोडून आली, हे वाचकाला तेव्हाच कळते.